ग्यान्त्सेचं पोस्ट ऑफिस

संपादक महोदय,

सप्रेम जय भीम.

ब्रह्मपुत्रेवर चीन बांधत असलेल्या महाकाय धरणाच्या आणि दलाई लामांचा वारसदार कोण ठरवणार याच्या बातम्या आपल्या दैनिकात आल्या. मी दोन्हींची कात्रणं काढून ठेवली आहेत. चीन काय म्हणाला ते त्यात होतं, आपलं परराष्ट्र मंत्रालय काय म्हणालं तेही होतं. ज्यांच्या जमिनीवर ते धरण उठतंय आणि ज्यांचा धर्मगुरू निवडला जाणार आहे, त्या तिबेटी लोकांपैकी एकाचंही म्हणणं त्यात नव्हतं. आता १० मार्च जवळ आला आहे. १९५९ साली याच दिवशी ल्हासातले हजारो लोक आपल्या दलाई लामांच्या रक्षणासाठी नोर्बुलिंका राजवाड्याभोवती जमले आणि तिथून उठाव सुरू झाला. या दिवसाच्या आधी माझं म्हणणं छापून यावं, अशी विनंती आहे.

मी टपाल खात्यातून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षं अर्जुनी मोरगाव तालुक्यात गेली. गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिचं नाव नोर्ग्येलिंग, पण आमच्याकडे सगळे 'तिबेट कॅम्प' म्हणतात. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. जगातल्या सगळ्यात उंच पठारावरची माणसं इटियाडोहच्या धरणाजवळ, विदर्भाच्या उन्हात येऊन धान पिकवायला शिकली. हिवाळा आला की त्यांच्यातली बरीच घरं कुलूप लावून शहरांत स्वेटर विकायला जायची. त्यांची पत्रं, मनीऑर्डरी, रजिस्टर पाकिटं माझ्या हातून गेली आहेत. बायलाकुप्पे, धरमशाला, दार्जिलिंग, डेहराडून हे पत्ते मला पाठ झाले होते. ल्हासाकडचं पाकीट मात्र क्वचित यायचं. ऐंशीच्या दशकात तिकडचं वातावरण थोडं सैल झालं होतं, तेव्हा कधीमधी एखादं दिसायचं. चिनी तिकीट, इंग्रजी मोठ्या अक्षरांत काळजीपूर्वक लिहिलेला पत्ता. असं पाकीट घ्यायला एका अमालांबरोबर (तिबेटीत 'अमाला' म्हणजे आई) त्यांचं अख्खं घर खिडकीशी आलेलं मी पाहिलं आहे. त्या मला 'पोस्टवाल्या ताई' म्हणायच्या. पाकीट तिथे फोडायच्या नाहीत, डोक्याला लावून घरी न्यायच्या.

टपालातच आयुष्य गेल्यामुळे तिबेटच्या टपालाबद्दल मिळेल ते वाचत गेले, आणि त्यातून जे कळलं त्याने मला स्वस्थ बसवेना. आपल्या खात्याची पोस्ट ऑफिसं तिबेटात होती. ग्यान्त्से, फारी आणि यातुंग. ब्रिटिशांच्या १९०३-०४ च्या स्वारीनंतर ती तिथे राहिली आणि १९४७ नंतर स्वतंत्र भारताने ती चालवली. त्याच काळात तिबेट सरकारचं स्वतःचंही टपाल होतं. १९१२ पासून ल्हासात लाकडी ठशांनी, हातकागदावर तिकिटं छापली जात, त्यांवर हिमसिंहाचं चित्र असे. तिबेट आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेचा सभासद नव्हता, म्हणून त्याची तिकिटं देशाबाहेर चालत नसत. ल्हासाहून कोलकात्याला पत्र पाठवायचं तर त्यावर तिबेटी तिकीट लागे आणि पुढच्या प्रवासासाठी भारतीय तिकीटही लागे. दोन देशांची तिकिटं, दोन देशांचे शिक्के असलेली ती पाकिटं आज संग्राहक मोठी किंमत देऊन घेतात. माझ्यासारखीला त्यांचा अर्थ सरळ दिसतो. आपल्या टपाल खात्याने पन्नास वर्षं तिबेटला वेगळा देश मानून काम केलं.

मग २९ एप्रिल १९५४ ला भारताने चीनशी करार केला, ज्याच्या प्रस्तावनेत ते प्रसिद्ध पंचशील आहे. कराराच्या नावातच तिबेटचा उल्लेख 'चीनचा तिबेट प्रदेश' असा केला गेला. त्याबरोबर आपण यातुंग आणि ग्यान्त्से इथली आपली सैनिकी पथकं मागे घेतली, टपाल, तार आणि टेलिफोन सेवा आणि बारा विश्रामगृहं चीनला द्यायचं कबूल केलं. १९५५ च्या एप्रिलमध्ये पोस्ट ऑफिसं हवाली झाली. या कराराच्या वाटाघाटीत ज्यांचा देश होता त्या तिबेटच्या सरकारला कुणी बोलावलंसुद्धा नव्हतं. कराराची मुदत आठ वर्षांची होती. ती १९६२ च्या जूनमध्ये संपली आणि ऑक्टोबरमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

म्हणूनच 'तिबेट हा चीनचा अंतर्गत प्रश्न, आपण कशाला मध्ये पडायचं' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. आपण मध्ये पडलोच आहोत. त्या कागदावर आपली सही आहे.

त्या वेळी हे कुणाला कळत नव्हतं असंही नाही. सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० ला, मृत्यूच्या महिनाभर आधी, नेहरूंना लिहिलेल्या पत्रात तिबेट गिळल्यावर चीन आपल्या दारात येईल हे स्पष्ट सांगितलं होतं. लोहियांनी त्याच वर्षी चीनच्या आक्रमणाला बालहत्या म्हटलं. आणि २६ ऑगस्ट १९५४ ला राज्यसभेत बाबासाहेब उभे राहिले. राजकारणात पंचशीलाला जागा नसते, साम्यवादी देशाच्या राजकारणात तर नाहीच, असं त्यांनी सांगितलं. ल्हासाचा ताबा चीनला घेऊ देऊन पंतप्रधानांनी चीनची सीमा भारताच्या सीमेला आणून भिडवायला एक प्रकारे मदतच केली, असं त्यांनी भर सभागृहात बजावलं. हे त्यांच्या भाषणांच्या खंडांत आहे. दर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आपण लाखोंनी जातो, पण बाबासाहेबांचं हे भाषण तिथे कुणी वाचून दाखवल्याचं मी कधी ऐकलं नाही. तिबेटात ज्या विहारांची नासधूस झाली, ती बुद्धाचीच विहारं होती.

आता एक आक्षेप, जो माझ्याच लोकांकडून, वाचन असलेल्या, चळवळीतल्या लोकांकडून येतो आणि म्हणून मला त्याचं उत्तर देणं भाग आहे. ते म्हणतात, जुन्या तिबेटात सरंजामशाही होती. जमीन सरदारांची आणि मठांची, राबणारी माणसं त्यांना बांधलेली, शिक्षा क्रूर. चीनने ते मोडलं, मग तुम्ही कुणासाठी रडता?

हे खोटं नाही. जुना तिबेट म्हणजे स्वर्ग होता असं मी म्हणणार नाही. जातीच्या उतरंडीखाली ज्यांच्या पिढ्या गेल्या त्या घरातली मी आहे, उच्च-नीच कुठेही असलं तरी मला ते गोड वाटत नाही. पण दुसऱ्याच्या घरात अन्याय आहे म्हणून त्याचं घर बळकावण्याचा हक्क मिळत नाही. इंग्रजही इथे हेच सांगत राज्य करत होते: सती, बालविवाह, अस्पृश्यता, तुम्हाला स्वराज्य कसलं द्यायचं? बाबासाहेबांनी अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य घालवलं, पण पहिल्या गोलमेज परिषदेत त्यांनी इंग्रजांना हेही ऐकवलं की तुमच्या राज्यात आमची स्थिती सुधारली नाही आणि आम्हाला लोकांचं, लोकांसाठी चालणारं सरकार हवं आहे. गुलामगिरी मोडायला आलेला माणूस स्वतः मालक होऊन बसला, तर गुलामाला मिळालं काय? आज तिबेटी शेतकऱ्याच्या गावाचा निर्णय पक्षाचा सचिव घेतो आणि मेंढपाळाला त्याच्या कुरणावरून उठवून सरकारी वसाहतीत बसवतात. आपल्या राज्यकर्त्याला निवडायचा किंवा काढायचा हक्क त्यांपैकी कुणालाही नाही.

उलट निर्वासित तिबेट्यांनी काय केलं ते पाहा. दलाई लामांनी १० मार्च १९६३ ला लोकशाही राज्यघटनेचा मसुदा जाहीर केला आणि त्यात दलाई लामांचे अधिकार काढून घेता येतील अशी तरतूद आग्रहाने ठेवली. २००१ पासून त्यांच्या मंत्रिमंडळाचा प्रमुख लोकांच्या थेट मतांनी निवडला जातो. २०११ मध्ये दलाई लामांनी आपले सगळे राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेतृत्वाकडे सोपवले. जगात किती धर्मगुरूंनी हातातली सत्ता अशी सोडली आहे? आमच्या कॅम्पमध्ये सिक्योंगच्या, म्हणजे निर्वासित सरकारच्या प्रमुखाच्या, निवडणुकीचं मतदान होतं तेव्हा म्हातारी माणसंसुद्धा चुबा हा पारंपरिक अंगरखा घालून, हिरवी वही घेऊन रांगेत उभी राहतात. ही वही म्हणजे त्यांनी आपल्या सरकारला स्वखुशीने दिलेल्या वर्गणीची नोंद. ज्या सरकारला जगात एकही देश मान्यता देत नाही, त्याला ही माणसं वर्षानुवर्षं कर भरतात. सरंजामशाहीत रमलेली माणसं असं वागत नाहीत.

स्वातंत्र्य की स्वायत्तता, याबद्दल त्यांच्यातही दोन मतं आहेत आणि ती लपवायचं कारण नाही. दलाई लामा आणि त्यांचं निर्वासित प्रशासन मध्यममार्ग सांगतं: चीनच्या चौकटीतच राहू, पण खरी स्वायत्तता द्या. तिबेटी युथ काँग्रेस १९७० पासून पूर्ण स्वातंत्र्य मागते. ही दोन्ही मतं मी एकाच घरात, एकाच चुलीपाशी ऐकली आहेत. बाप मध्यममार्गाचा आणि मुलगी 'रांगझेन' म्हणणारी, म्हणजे स्वातंत्र्यवाली. पण मध्यममार्गाला चीनने काय दिलं? २००२ ते २०१० या काळात बोलण्यांच्या नऊ फेऱ्या झाल्या, तिबेट्यांनी स्वायत्ततेचा तपशीलवार मसुदाही दिला, आणि २०१० नंतर चीन टेबलाशी आलाच नाही. मागणी कमी करूनही जर पदरात काही पडत नसेल, तर पूर्ण मागणी उघडपणे करावी असं माझं मत आहे. १९१३ मध्ये तेराव्या दलाई लामांनी तिबेटचं स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. त्यांचं चलन होतं, सैन्य होतं. १९१४ च्या सिमला परिषदेत तिबेटचा प्रतिनिधी ब्रिटिश आणि चिनी प्रतिनिधींच्या बरोबरीने बसला, आणि आज अरुणाचलच्या सीमेसाठी आपण जी मॅकमोहन रेषा दाखवतो ती तिबेटच्या त्या सहीवरच उभी आहे. तिबेटला सही करायचा अधिकार नव्हता असं म्हणायचं, तर अरुणाचलातल्या तवांगवर आपण कोणत्या तोंडाने हक्क सांगायचा? १९४७ मध्ये दिल्लीच्या आशियाई परिषदेत तिबेटचं शिष्टमंडळ आपला झेंडा घेऊन बसलं होतं. १९४८ मध्ये त्यांचं व्यापारी शिष्टमंडळ तिबेटी पासपोर्टवर अमेरिका-ब्रिटनला गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६१ च्या ठरावात तिबेटी लोकांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख केला, आणि १९६५ च्या ठरावाला भारताने स्वतः पाठिंबा दिला. शेवटी काय मागायचं ते तिबेटी लोक ठरवतील, पण ते ठरवायचा हक्क त्यांचा आहे, इतकं तरी आपण मोठ्याने म्हणू शकतो.

आणि आत काय चाललंय? २००९ पासून दीडशेहून जास्त तिबेट्यांनी स्वतःला जाळून घेतलं. भिक्खू, भिक्खुणी, शेतकरी, शाळकरी मुलं, लेकुरवाळ्या बाया. एका दुकानदाराने, ताशी वांगचुकने, शाळेत आमची भाषा शिकवा एवढंच एका अमेरिकी वृत्तपत्राच्या कॅमेऱ्यासमोर सांगितलं. त्याला पाच वर्षं तुरुंगात टाकलं. चीनच्या कायद्यात अल्पसंख्याकांच्या भाषेचा हक्क लिहिलेला आहे, आणि तो तोच मागत होता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं की सुमारे दहा लाख तिबेटी मुलं घरापासून तोडून सरकारी निवासी शाळांत ठेवली आहेत, जिथे शिक्षण चिनी भाषेत चालतं. पूर्वी वर्षाला दोन-तीन हजार लोक हिमालय ओलांडून नेपाळमार्गे भारतात यायचे. सप्टेंबर २००६ मध्ये नांगपा खिंडीत बर्फातून चालत येणाऱ्यांवर चिनी सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि सतरा वर्षांची भिक्खुणी केलसांग नामत्सो तिथेच गेली. गिर्यारोहकांनी ते चित्रित केलं म्हणून जगाला कळलं. २००८ नंतर पहारा इतका वाढला की आता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

निरोपाची वाटही बंद होत आली. पत्रं थांबली, तशी कॅम्पमधली मंडळी वीचॅटवर तिकडच्या नातेवाइकांशी बोलू लागली होती. गलवाननंतर, जून २०२० मध्ये आपल्या सरकारने चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. त्याची कारणं होती, मी त्याविरुद्ध नाही. पण त्या बंदीने कित्येक म्हाताऱ्यांना तिबेटातल्या भावंडांचे आवाज ऐकू येईनासे झाले, याची नोंद एकाही वर्तमानपत्रात मी वाचली नाही. दुसऱ्या मार्गाने फोन करावा तर तिकडच्यांना पोलीस ठाण्यात बोलावतात, म्हणून हे लोक आपणहून फोन करत नाहीत. त्या अमालांची धाकटी बहीण शिगात्सेला आहे. ती जिवंत आहे का, हे त्यांना माहीत नाही.

चीनची पुढची तयारी तर उघड आहे. दलाई लामांखालोखाल मान असलेले धर्मगुरू, पंचेन लामा, म्हणून दलाई लामांनी १४ मे १९९५ ला ज्याला मान्यता दिली, त्या गेधुन चोएकी न्यिमाला तीन दिवसांत चीनने उचललं. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्यानंतर त्याला कुणी पाहिलेलं नाही. चीनने आपला पंचेन लामा बसवला. २००७ मध्ये लामांचा पुनर्जन्म सरकारी परवानगीशिवाय वैध नाही असा नियम केला. देव न मानणारा पक्ष पुनर्जन्मांना परवाने देतो! दलाई लामांनी २ जुलै २०२५ ला, नव्वदाव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी, जाहीर केलं की ही परंपरा पुढे चालेल आणि पुढचा दलाई लामा ओळखण्याचा अधिकार फक्त त्यांच्या गादेन फोद्रांग न्यासाचा आहे. त्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं की श्रद्धेच्या बाबतीत सरकार भूमिका घेत नाही. हे उत्तर चीनच्या सोयीचं आहे. श्रद्धेच्या बाबतीत सगळ्यात मोठी भूमिका बीजिंगने घेतली आहे आणि त्यासमोर गप्प राहणं म्हणजे तिला वाट देणं. उद्या दोन दलाई लामा उभे राहिले तर तवांग, लडाख आणि सिक्कीममधल्या मठांत काय होईल, याचा विचार दिल्लीने आजच करायला हवा.

काहींना वाटतं, चीनला डिवचून आपल्याला मिळणार काय? न डिवचता काय मिळालं, ते मी विचारते. १९५४ ला आपण पोस्ट ऑफिसं दिली, आठ वर्षांत युद्ध मिळालं. जून २००३ मध्ये तिबेट चीनचा भाग असल्याचं पुन्हा लिहून दिलं, २०२० मध्ये गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. २०१८ मध्ये तर तिबेट्यांच्या 'थँक यू इंडिया' कार्यक्रमाला सरकारी मंडळींनी जाऊ नये अशी सूचना निघाली आणि तो कार्यक्रम दिल्लीहून धरमशालेला हलवावा लागला. आभार मानायला आलेल्या माणसांना आपण दारात अडवलं. जुलै २०२५ मध्ये चीनने यारलुंग त्सांगपोवर, म्हणजे तिबेटातल्या ब्रह्मपुत्रेवर, ती अरुणाचलात शिरायच्या आधीच्या वळणावर, साठ हजार मेगावॉटच्या प्रकल्पाचं काम सुरू केलं. तिबेटात तिबेट्यांचं राज्य असतं, तर आसामच्या पाण्याबद्दल आपल्याला बीजिंगकडे विनवणी करावी लागली नसती.

आणि या लोकांनी आपल्यासाठी काय केलं तेही लिहायला हवं, कारण ते फार कमी जणांना माहीत आहे. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये आपण तिबेटी तरुणांचं एक गुप्त दल उभं केलं, स्पेशल फ्रंटियर फोर्स. १९७१ च्या युद्धात हे दल चितगावच्या डोंगरांत लढलं. पन्नासहून जास्त तिबेटी जवान तिथे मेले, ज्या देशाचे ते नागरिक नव्हते त्या देशासाठी. दल गुप्त म्हणून पदकं नाहीत, नावं नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये पँगाँगच्या दक्षिणेला सुरुंगाच्या स्फोटात याच दलाचे न्यिमा तेनझिन गेले. लेहमध्ये त्यांच्या शवपेटीवर तिरंगा आणि हिमसिंहांचा तिबेटी झेंडा असे दोन्ही होते. तो झेंडा तिबेटात नुसता घरात ठेवला तरी तुरुंग होतो.

अमेरिकेने जुलै २०२४ मध्ये कायदा करून तिबेट-चीन वाद सुटलेला नाही असं जाहीर केलं. अमेरिकेची तिबेटशी एक इंचही सीमा नाही. आपली हजारो किलोमीटरची आहे. आपल्या संसदेत असा साधा ठराव का येत नाही? महाराष्ट्रातून लोकसभेत अठ्ठेचाळीस खासदार जातात. त्यांच्यापैकी एकाने तरी येत्या अधिवेशनात उभं राहून विचारावं की पुढचा दलाई लामा बीजिंगने नेमला तर भारत त्याला मान्यता देणार की नाही, आणि १९५४ च्या मुदत संपलेल्या करारातली तिबेटबद्दलची भूमिका भारत आजही धरून का आहे. आमच्या भागातल्या खासदारांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. वाचकांनी आपापल्या खासदारांना लिहावं. पोस्टकार्ड अजून मिळतं, आणि ते संसद भवनापर्यंत पोचतं, हे मी नोकरीच्या अनुभवावरून सांगते.

आपल्याकडे माझी एकच मागणी आहे. १० मार्चला नोर्ग्येलिंगमध्ये सकाळी झेंडावंदन होतं, मग सभा. आपला एखादा वार्ताहर पाठवा. गोंदिया-बल्लारशा मार्गावर अर्जुनी स्टेशन आहे, तिथून गोठणगावला येता येतं. मराठी येणारी मुलं-मुली कॅम्पमध्ये भरपूर आहेत, दुभाषा लागणार नाही. म्हाताऱ्यांशी आधी बोला. १९५९ मध्ये चालत आलेल्यांपैकी फार थोडी माणसं आता राहिली आहेत.

आपली,
एक निवृत्त सब-पोस्टमास्तर
अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया